आईचा विसरभोळेपणा, थायरॉईडची गोळी आणि पेशीकेंद्रातले रिसेप्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६३ वर्षांची, वजन ५८ किलो. वर्षभरापासून ओळखीच्यांची नावं आठवत नाहीत, दूध उतू जाईपर्यंत गॅसकडे लक्ष नसतं, एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारतात. थायरॉईडसाठी ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, तरी टीएसएच (थायरॉईड हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ११.२. आमवातासाठी रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी 'अधूनमधून'. ४१व्या वर्षी पिशवी काढलेली. आणि मुलीनं कुठंतरी वाचलं की मेंदूतले 'न्यूक्लियर रिसेप्टर' चालू केले तर स्मृती टिकते. तर पायोग्लिटाझोन (मधुमेहाचं औषध) किंवा बेक्सारोटिन (त्वचेच्या एका कर्करोगाचं औषध) द्यावं का, किंवा 'पीपीएआर अ‍ॅक्टिव्हेटर' म्हणून विकतात ती पावडर तरी? (पीपीएआर हा त्यातलाच एक रिसेप्टर.)

ही दोन्ही औषधं नकोत, पावडरही नको. पण प्रश्न वाया गेलेला नाही. थायरॉईडची गोळी, प्रेडनिसोलोन, ड जीवनसत्त्व आणि ४१व्या वर्षी बहुधा गमावलेलं इस्ट्रोजेन (अंडाशयातलं हार्मोन), या चौघांचं काम याच रिसेप्टरमार्फत चालतं. म्हणजे नवं काही चालू करायच्या आधी जे चालू आहे तेच नीट लावायला भरपूर जागा आहे.

आधी नावाचा गोंधळ. यातलं 'न्यूक्लियर' अणुऊर्जेचं नाही, पेशीच्या केंद्रकाचं आहे. रिसेप्टर म्हणजे हार्मोन किंवा औषध ज्याला चिकटतं ते पेशीतलं प्रथिन. बहुतेक रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतात. हे आत असतात आणि थेट डीएनएला चिकटून जनुकं चालू-बंद करतात. माणसात असे ४८ आहेत. जनुक चालू झालं, त्यापासून प्रथिन तयार झालं, पेशीचं वागणं बदललं, या सगळ्याला तास, दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून थायरॉईडची गोळी वाढवल्यावर तिसऱ्या दिवशी 'आई एकदम फ्रेश झाली' असं वाटलं, तर ते गोळीमुळे नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि जाहिराती नेमकी तीच गाळतात. हे रिसेप्टर रिकामे असताना गप्प बसतातच असं नाही. थायरॉईडचा रिसेप्टर हार्मोन नसतानाही डीएनएवर ठाण मांडून असतो आणि त्या वेळी जनुकं दाबून धरतो. हार्मोन आलं की दाबणारी प्रथिनं सुटतात आणि चालना देणारी चिकटतात. उंदरांवरच्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. थायरॉईड हार्मोन नसलेल्या पिल्लांच्या लहान मेंदूची घडण बिघडते. पण ज्यांच्यात टीआर-अल्फा-१ हा रिसेप्टरच नाही, त्या पिल्लांत हार्मोन नसूनही ती घडण बरीच शाबूत राहते. म्हणजे नुकसान करतो तो रिकामा रिसेप्टर. अशा यंत्रणेत 'जितकं जास्त चालू तितकं चांगलं' हा हिशोब लागूच पडत नाही. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य प्रमाणात हार्मोन हवं, कमी पडलं तरी त्रास आणि जास्त झालं तरी त्रास.

आता थायरॉईड. टीएसएच ११.२ आला म्हणून लगेच डोस वाढवू नका, आधी गोळी पोटात कशी जाते ते बघा. बऱ्याचदा घोटाळा तिथंच असतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास, काहीही नाही. चहासुद्धा नाही. आपल्याकडे 'उपाशीपोटी' याचा अर्थ पुष्कळदा 'चहाबिस्किटानंतर, पण नाश्त्याआधी' असा होतो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. आमवात आणि स्टेरॉइडमुळे आईंना कॅल्शियम चालू असणारच, ते रात्रीच्या जेवणानंतर ठेवा. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तीही शोषण कमी करते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. शंभर गोळ्यांच्या बाटलीतून आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ती डबी गॅसच्या ओट्यावर ठेवणं टाळा. उष्णता आणि दमट हवा या औषधाला मानवत नाही. पावसाळ्यात कोकणपट्टीत तर नाहीच. एखाद्या दिवशी विसरल्या, तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं, कारण या औषधाचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं आहे. पण विसरणाऱ्या माणसाच्या हाती बाटली देऊन 'तू घेतलीस ना?' विचारण्यात अर्थ नाही. गोळी दुसऱ्या कुणीतरी समोर उभं राहून द्यायची.

हे सगळं सहा आठवडे काटेकोर करून पुन्हा टीएसएच करा. तरीही वर असेल तर डोस १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमनं वाढतो आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी होते. ज्यांची ग्रंथी जवळजवळ बंद आहे त्यांना किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे आईंच्या वजनाला नव्वदच्या आसपास. पण साठीनंतर, त्यातही हृदयाचा त्रास असेल तर, तिथपर्यंत पायरीपायरीनं जायचं. उडी मारली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. स्टेरॉइडनं हाडं आधीच विरळ होत असताना हे नको.

रक्त देताना एक सापळा असतो. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर ते तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ (थायरॉईड ग्रंथीतलं मुख्य हार्मोन) खोटं जास्त दिसतं. रिपोर्ट बघून कुणी डोस कमी करतं आणि माणूस पुन्हा सुस्त होतो.

एवढं करून स्मृती परत येईल का? थोडा मंदपणा, झोपाळूपणा, बोलण्यातली संथगती सुधारू शकते. पण तासाभरात तीनदा तोच प्रश्न विचारणं हे सहसा एकट्या थायरॉईडचं काम नसतं, ही अपेक्षा आधीच जागेवर ठेवा. टीएसएच किंचित वाढलेल्या ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर ट्रस्ट नावाची चाचणी झाली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. गोळी घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्यात थकव्यात किंवा इतर लक्षणांत फरक दिसला नाही, बौद्धिक कामगिरीतही नाही. त्यांचा टीएसएच सरासरी सहाच्या आसपास होता, आईंचा अकरा आहे, म्हणून आईंचे उपचार योग्यच आहेत. पण टीएसएच सहा असलेल्या काकांनाही 'मेंदूसाठी' ही गोळी सुरू करावी का, असा पुढचा प्रश्न मनात असेल तर उत्तर 'नाही'.

'टी३ची वेगळी गोळी दिली तर?' हेही विचारलं जातं. टी३ म्हणजे टी४पासून तयार होणारं, पेशींत प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन. मेंदूला लागणारं बरंचसं टी३ मेंदू स्वतःच तयार करतो. अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी टी४ घेतात आणि त्याचं टी३ करून चेतापेशींना देतात. म्हणून बाहेरून टी३ दिल्यानं चाचण्यांमध्ये स्मृतीला ठोस फायदा दिसलेला नाही, छातीत धडधड मात्र होते.

थायरॉईड आणि बुद्धी यांचं नातं खऱ्या अर्थानं निर्णायक असतं ते आयुष्याच्या सुरुवातीला. जन्मतः थायरॉईड नसलेलं बाळ दिसायला अगदी साधं असतं. पण १४ दिवसांच्या आत किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅमनं उपचार सुरू झाले तर त्याची बुद्धी सहसा इतर मुलांसारखी वाढते, आणि काही महिने उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. घरात बाळ येणार असेल तर जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेच्या रक्तातून टीएसएच होणार आहे ना, हे प्रसूतिगृहात विचारून ठेवा. आणि थायरॉईडची गोळी चालू असलेल्या मुलीला दिवस गेले, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. बहुतेकदा आठवड्याला दोन जादा गोळ्या लगेच सुरू होतात, कारण पहिले सुमारे तीन महिने बाळाचा मेंदू आईच्याच हार्मोनवर वाढत असतो.

आता प्रेडनिसोलोन. तुमच्या यादीत सर्वात जास्त लक्ष मी याच्याकडे देईन.

१९६८ साली ब्रूस मॅकइवन आणि सहकाऱ्यांना दिसलं की उंदराच्या शरीरात सोडलेलं स्टेरॉइड मेंदूत हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन साठतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी जिथं घडतात ती जागा. तिथं या हार्मोनचे दोन रिसेप्टर आहेत. पहिला, मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, कॉर्टिसॉलला, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडला, दुसऱ्याच्या सुमारे दहापट घट्ट धरतो, त्यामुळे तो थोड्याशा कॉर्टिसॉलवरही भरलेला असतो. दुसरा, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, पहाटेच्या चढत्या कॉर्टिसॉलवर आणि तणावात भरतो, मग रिकामा होतो. हा भरण्या-रिकामा होण्याचा रोजचा ताल स्मृतीला हवा असतो. दुसरा रिसेप्टर सतत भरलेला राहिला की चेतापेशींच्या फांद्या आखडतात. कुशिंग आजारात, म्हणजे शरीर स्वतःच जादा कॉर्टिसॉल बनवतं तेव्हा, हिप्पोकॅम्पस आकारानं लहान झालेला दिसतो आणि उपचारांनंतर काही प्रमाणात पुन्हा भरतो. या शेवटच्या गोष्टीत तुमच्यासाठी आशा आहे.

शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या हिशोबात ४ ते ५ मिलिग्रॅम धरा. आईंना १० चालू आहे, म्हणजे दुप्पट. भ्रम किंवा वेडाचा झटका या डोसला क्वचित येतो. १९७२च्या बोस्टनच्या पाहणीत मानसिक दुष्परिणाम रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत १.३ टक्के, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के आणि ८०च्या वर १८.४ टक्के लोकांत आढळले होते. पण झोप उडणं, चिडचिड, शब्द पटकन न आठवणं हे कमी डोसलाही दीर्घकाळात होऊ शकतं. वर साखर वाढते, ती वेगळीच.

म्हणून संधिवाततज्ज्ञांना नेमका प्रश्न विचारा: 'मूळ आजाराचं औषध वाढवून किंवा बदलून प्रेडनिसोलोन ५ किंवा त्याखाली आणता येईल का?' बहुतेकदा येतं, पण हळूहळू. १० वरून अडीचच्या पायरीनं ७.५, काही आठवडे थांबून ५, आणि त्यापुढे महिन्याला एक मिलिग्रॅम, असा साधारण वेग असतो. तुमच्या हातून घडू नये अशी एकच गोष्ट म्हणजे 'मेंदूला वाईट आहे' म्हणून गोळी एकदम बंद करणं. तीन आठवड्यांहून जास्त चाललेलं स्टेरॉइड झटक्यात थांबवलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तयार नसतं. उलट्या, रक्तदाब पडणं, गुंगी, आणि वेळेत ओळखलं नाही तर जीवावर बेतणं. ताप आला, जुलाब झाले तरी गोळी चुकवायची नाही, उलट त्या दिवसांत डोस वाढवायचा का ते आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवा.

गोळी सकाळी नाश्त्यासोबत, म्हणजे थायरॉईडच्या गोळीनंतर तासाभरानं. संध्याकाळी घेतली तर रात्रीची झोप जाते, आणि न झोपलेला मेंदू दुसऱ्या दिवशी विसरतोच. गुडघ्यासाठी कुणी 'बिनदुष्परिणामाची' पुडी आणून देत असेल, दोन दिवसांत गुण येणारी, चेहरा गोल करणारी, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा दाट संशय घ्या. तसं असेल तर आईंचा खरा डोस १० नाहीच. पण तीही एकदम थांबवू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

पिशवीचं ऑपरेशन. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर नुसतं गर्भाशय काढल्याचं लिहिलंय की 'बीएसओ' अशी अक्षरं आहेत? असतील तर दोन्ही अंडाशयही गेली. बाईला बहुधा 'पिशवी काढली' एवढंच सांगितलेलं असतं. फरक मात्र मोठा आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत. मादी उंदरात चार-पाच दिवसांच्या चक्रात तिथल्या चेतापेशींवरचे काटे (दुसऱ्या पेशींशी जोडणारी सूक्ष्म टोकं) इस्ट्रोजेनबरोबर वाढतात आणि कमी होतात. ज्या बायकांची अंडाशयं नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या बऱ्याच आधी काढली गेली, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

मग आता इस्ट्रोजेन सुरू करावं? नाही. ती वेळ बावीस वर्षांपूर्वीच होती. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ४,५३२ बायकांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी झाली. २००३ साली निकाल आला तेव्हा संप्रेरक घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे ४० रुग्ण होते, न घेणाऱ्यांत २१. मेंदू वाचवायला दिलेलं औषध उलटलं. रजोनिवृत्तीच्या आसपास सुरू केलेल्यांत असं नुकसान दिसलं नाही, पण स्मृतीला फायदाही दिसला नाही. तिथं हे औषध अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम आणि मोडलेली झोप यांसाठी द्यायचं असतं. वय ६०च्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील तर.

हे मी मुलीसाठी आणि तिच्या वयाच्या बायकांसाठी जास्त लिहितोय. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. त्या चर्चेत गर्भाशय खूप आलं, अंडाशयाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. पंचेचाळिशीच्या आत ऑपरेशन सांगितलं गेलं तर विचारायचे प्रश्न दोन: अंडाशयं ठेवता येतील का? आणि काढावीच लागली तर साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन कोण देणार? स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील तर उत्तर बदलतं.

ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टरही मेंदूत आहे, आणि त्यावरून बरीच दुकानं चालतात. कमतरता असेल तर ती भरून काढा, हाडांसाठी, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना. साठा भरलेल्या माणसाला जास्तीचं देऊन स्मृती सुधारत नाही. रोज २,००० युनिट देऊन झालेल्या मोठ्या चाचणीतही सुधारली नाही. आईंच्या बाबतीत मला 'अधूनमधून' या शब्दाची काळजी आहे. ही पुडी साधारणपणे आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक अशी देतात. विसरणारं माणूस ती रोज घेऊ शकतं, किंवा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतून दुप्पट होऊ शकते. रक्तातलं प्रमाण मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की कॅल्शियम चढतं. बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी आणि गोंधळलेपणा. हाच गोंधळलेपणा घरचे 'वयामुळे' म्हणून सोडून देतात. म्हणून थायरॉईडच्या रक्ताबरोबरच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही बघा.

राहिली मुलीनं वाचलेली औषधं. बेक्सारोटिन हे त्वचेच्या एका लिम्फोमाचं, म्हणजे कर्करोगाचं, औषध. आरएक्सआर या रिसेप्टरला ते चालना देतं, आणि आरएक्सआर हा थायरॉईड, ड जीवनसत्त्व, पीपीएआर अशा अनेकांचा जोडीदार आहे. २०१२ साली उंदरांच्या मेंदूतले अमायलॉइडचे (अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशात साठणाऱ्या प्रथिनाचे) थर ७२ तासांत निम्म्याहून कमी झाल्याचा शोधनिबंध आला आणि जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, पण थर काही कमी झाले नाहीत. माणसांवरच्या लहान चाचणीतही मुख्य अपेक्षा पुरी झाली नाही, ट्रायग्लिसराइड मात्र वाढले. आणि हे औषध टीएसएचच दाबून थायरॉईड कमी करतं. आईंना दिलं तर टीएसएच सुंदर दिसेल आणि थायरॉईड खाली गेलेलं असेल.

पायोग्लिटाझोन पीपीएआर-गॅमावर काम करतं. स्मृतिभ्रंश लांबवण्यासाठी रोज ०.८ मिलिग्रॅम या अगदी छोट्या डोसची मोठी चाचणी २०१८ मध्ये थांबवली, कारण परिणाम दिसत नव्हता. मधुमेहासाठीचा नेहमीचा डोस १५ ते ३०, आणि त्यानं पायाला सूज, हृदयावर ताण, बायकांत हाडं मोडण्याचा धोका वाढतो. स्टेरॉइडवर असलेल्या ६३ वर्षांच्या बाईला हे कशासाठी? मधुमेह असेल आणि डॉक्टरांनी विचार करून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

पावडरच्या डब्यावर रिसेप्टरचं नाव छापलेलं असणं म्हणजे काचेच्या बशीतल्या पेशींवर कुठंतरी काहीतरी दिसलं होतं, इतकंच. ती मेंदूपर्यंत पोचते का, किती पोचते, हे डब्यावर नसतं. घटकांत बायोटिन किंवा कॅल्शियम असेल तर ती वरची थायरॉईडची सगळी मेहनत बिघडवेल.

तर या आठवड्यात: टीएसएच, फ्री टी४, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी१२, सोडियम, साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. घरातली प्रत्येक गोळी, पुडी, तेल, काढा एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. झोपेची, खाजेची, लघवी रोखण्याची गोळी असेल तर ती आधी दाखवा. तिचा स्मृतीवर रिसेप्टरांच्या गप्पांपेक्षा जास्त परिणाम असू शकतो. ऐकू कमी येतं का, उदास असतात का, हेही सांगा. मेंदूरोगतज्ज्ञांची भेट मात्र टीएसएच सुधारायची वाट बघत पुढे ढकलू नका. वर्षभर वाढत गेलेला विसर आहे, स्मृतीची रीतसर चाचणी आणि मेंदूचा स्कॅन समांतर व्हायला हवा. आणि गोंधळ दोन-तीन दिवसांतच अचानक वाढला, दिवसा गुंगी आणि रात्री बडबड सुरू झाली, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संसर्ग, सोडियम पडणं किंवा चुकलेली प्रेडनिसोलोनची गोळी, यातलं काहीतरी असण्याची शक्यता तेव्हा जास्त असते.